ती हनुवटी माझीच होती

शहापूर, बेळगाव
रविवार दुपार

प्रिय शैले,

तुझे तीन फोन घेतले नाहीत, मेसेजलाही उत्तर दिलं नाही. रागावली असशील तर रागाव. पण फोनवर बोलले असते तर मला रडू आलं असतं आणि ते आतल्या खोलीत मृणालला ऐकू गेलं असतं. म्हणून कागद घेऊन बसले. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर ठीक.

मृणालचं हनुवटीचं ऑपरेशन झालं. आज नववा दिवस.

एवढं एक वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले बघ. शेजारी आणि जावांना 'अक्कलदाढ काढली' असं सांगितलंय. तुला तसं सांगता येत नाही. माझी हनुवटी तुझ्याइतकी दुसऱ्या कुणी बघितलेली नाही.

दिवाळीला बेंगळूरहून आली तेव्हा फराळाच्या ताटावरच म्हणाली, "आई, मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवते. बाजूनं माझा चेहरा ओठाखाली संपतोच." मी म्हटलं, देवानं दिलंय ते छान आहे. तर म्हणाली, "मग लग्नाच्या अल्बममध्ये तू प्रत्येक फोटोत हनुवटीला हात लावून का बसलीयस?" शैले, मी उठून स्वयंपाकघरात गेले. बेसन परतायला ठेवलं होतं, ते करपलं.

पैसे तिनं स्वतः साठवले होते, दोन वर्षं. दिसण्यासाठीचं ऑपरेशन विम्यात बसत नाही, तेही तिनं आधीच विचारून ठेवलेलं.

पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पाच मिनिटांत कॉम्प्युटरवर तिचा नवा चेहरा काढून दाखवला. सिलिकॉनचा तुकडा बसवू, तासाभराचं काम, या आठवड्यात पैसे भरलेत तर सूट. चेहऱ्यावर कसली सूट गं? मृणाल तयार होती. मीच तिला हाताला धरून बाहेर काढलं. रिक्षात घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

दुसरे डॉक्टर जबड्याचे सर्जन. त्यांनी चेहऱ्याआधी दात बघितले. "चावून दाखव," म्हणाले. कुणाची नुसती हनुवटीच मागे असते, कुणाचा अख्खा खालचा जबडा मागे असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. जबडा मागे असेल तर वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत. तिथे नुसती हनुवटी पुढे आणली तर दातांची अडचण तशीच राहते. त्याला आधी दातांना तारा लावायच्या, मग जबड्याचं ऑपरेशन, सगळं मिळून दीड-दोन वर्षं. बाजूनं एक्स-रे काढला, मोजमापं घेतली. मृणालचे दात जुळत होते, म्हणजे काम फक्त हनुवटीचं. पहिल्या ठिकाणी तिला तोंड उघड असंसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी प्लास्टरचा जबडा हातात घेतला आणि पेन्सिलनं आडवी रेघ मारली. दातांच्या मुळांच्या खालून, आणि ज्या भोकातून ओठाची नस बाहेर येते त्याच्याही खालून. तिथून हाड कापायचं आणि टेबलाचा खण ओढावा तसा खालचा तुकडा पुढे ओढायचा. टायटॅनियमची छोटी पट्टी आणि स्क्रू लावून तिथेच पक्का करायचा. पट्टी आतच राहते. सिलिकॉनचं ऑपरेशन लहान असतं, सूज कमी येते, नको झालं तर काढताही येतं. पण तो सिलिकॉनचा तुकडा सरकू शकतो, त्याला जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा काढावाच लागतो, आणि वर्षानुवर्षांच्या दाबानं खालचं हाड थोडं झिजू शकतं. इंजेक्शनचं फिलरही असतं, ते वर्षा-दीड वर्षात विरतं. मृणालनं हाडाचं निवडलं. पुढे किती आणायचं, तर सहा मिलिमीटर. घरी आल्यावर मी मोजपट्टी घेऊन बघितलं. तांदळाच्या दाण्याएवढं. एवढ्याशा दाण्यासाठी मी आयुष्यभर पदर तोंडाशी धरला.

मला बाहेर बसवून त्यांनी तिला एकटीला विचारलं, हे कुणाच्या सांगण्यावरून करतेस? आणि नंतर कुणाच्या लक्षातच आलं नाही तर? ती म्हणाली, "मला कळेल, तेवढं पुरे." रात्री तिनंच सांगितलं. आपल्याला कुणी असं विचारलं असतं का गं?

सहीचा कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता. सही तिचीच, चोवीस वर्षांची आहे, माझी फक्त साक्षीदार म्हणून. तरी मी कन्नड अक्षर अक्षर लावून वाचायला लागले. एका ओळीत 'मरगट्टुविके' असा शब्द आला. पहिली दोन अक्षरं मराठी डोळ्यांना दिसली आणि माझा हातच थांबला. नर्स जवळ आली, "अंजब्याडरी अक्का," म्हणजे घाबरू नका ताई, असं म्हणाली, आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला. 'मर' म्हणजे लाकूड, झाड. लाकडासारखं बधिर होणं.

आणि तेच झालंय. पूर्ण भूल, दीड तास, काप खालच्या ओठाच्या आतून, त्यामुळे बाहेर व्रण नाही. तिसऱ्या दिवशी चेहरा पहिल्या दिवसापेक्षा दुप्पट सुजला, काळंनिळं गळ्यापर्यंत उतरलं. आरशात बघून "हे काय करून घेतलं मी," म्हणून ती रडली. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं, म्हणून मी धीर धरून उभी राहिले. नाहीतर दोघी मिळून रडलो असतो. पेज, मुगाचं पातळ वरण, नाचणीची आंबील. दर खाण्यानंतर औषधाच्या पाण्यानं चूळ, लहान मुलांचा मऊ ब्रश, झोपताना दोन उशा. हसलं की टाके ओढतात, म्हणून ह्यांना विनोद करायची बंदी आहे. "माझ्या विनोदाला हसू येतं हे तीस वर्षांत आज कळलं," म्हणाले, तर ती परत हसली आणि कळवळली.

आता सूज बरीच उतरलीय. पण काल मऊ भात खाताना खालच्या ओठाखाली एक शीत चिकटलं होतं. ती बोलत होती, ऑफिसचं काहीतरी सांगत होती, आणि ते शीत तसंच. तिला कळतच नव्हतं. मी बोटानं पुसलं, तर विचारते, "हात लावलास का?" शैले, माझ्या पोटात खड्डा पडला. डॉक्टर म्हणतात, नस ताणली गेलीय, बहुतेकांची काही आठवड्यांत, काही महिन्यांत जाग येते, आधी मुंग्या येतात. थोड्या जणांना मात्र एखादा ठिपका कायमचा बधिर राहतो. आता रोज सकाळी मी विचारते, मुंग्या आल्या का? ती चिडते.

आणि दुसरं, जे ह्यांनाही सांगितलं नाही. चेहऱ्यावरचं बँडेज सुटलं तेव्हा ती खिडकीशी उभी होती, बाजूनं. सुजलेली असूनही छान दिसत होती गं. मला आनंद झाला, आणि लगेच कुणीतरी घरातून काही उचलून नेल्यासारखं वाटलं. ती हनुवटी माझ्या आईची. आई गेली तेव्हा ती माझ्याकडे होती, मृणालकडे होती. आता माझ्यापाशी थांबली. मी 'हो' म्हटलं ते मृणालसाठी की दहावीतल्या त्या सुमीसाठी, हे मला अजून कळलेलं नाही. आकार पक्का दिसायला सहा महिने लागतात म्हणे. तोवर तरी कळेल का?

तुझ्या सासूबाईंचं कळलं. मी यायला हवं होतं, आले नाही, माफ कर. सूनबाईंचे दिवस भरत आले असतील, तिला जप. कोल्हापूरला कुणी येणार असेल तर बेळगावचा गोड कुंदा पाठवते.

एक काम आहे. आपल्या दहावीच्या, एसएसएलसीच्या निरोपसमारंभाचा, १९८९चा फोटो. फोटोवाल्यानं 'रेडी' म्हटलं आणि तू माझा हात हनुवटीवरून खसकन खाली ओढलास. मी तुझ्याशी तीन महिने बोलले नाही आणि माझी प्रत फाडून चुलीत घातली. हात नसलेला माझा तो एकच फोटो होता. मृणाल परवा विचारत होती, तू शाळेत असताना कशी दिसायचीस.

तुझी प्रत असेल तर पाठव. मोबाइलवर नको, मूळ फोटोच पाठव. परत करीन.

तुझी,
सुमी