रद्दीत गेलेला १९४१चा खंड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्ध सुरू झाले की आपल्या पानांवर तेलाचे भाव, शेअर बाजार आणि क्षेपणास्त्रांचे पल्ले येतात. त्यात गैर काही नाही, माझीही नजर आधी पेट्रोलच्या आकड्याकडेच जाते. पण मी तीसहून अधिक वर्षे एका विज्ञान महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि युद्ध म्हटले की मला नियतकालिकांचे कपाट आठवते. १९३९पर्यंत जर्मन रसायनशास्त्राचे जाडजूड खंड ओळीने उभे होते. पुढे खंडांतच खंड! टपाल बंद, मग अंक कुठून येणार? मधले काही खंड फार नंतर कुणाच्या देणगीतून आले, तेही अमेरिकेत छापलेले. अमेरिकी सरकारने युद्धकाळात शत्रूची मालमत्ता म्हणून जर्मन नियतकालिकांचे हक्क ताब्यात घेतले होते आणि अॅन आर्बर इथल्या मुद्रणालयाकडून त्यांच्या हुबेहूब प्रती काढून घेतल्या होत्या. शत्रूशी लढायचे, पण त्याचे रसायनशास्त्र वाचल्याशिवाय अडते, असा तो मामला.

कपाटातली रिकामी जागाही वाचता येते. ग्योर्गी फ्ल्योरॉव या सोविएत शास्त्रज्ञाने १९४०मध्ये सहकाऱ्याबरोबर युरेनियमचे आपोआप होणारे विभाजन शोधले. पुढे लष्करात असताना वोरोनेझच्या विद्यापीठ ग्रंथालयात तो मुद्दाम गेला, आपल्या शोधावर कोणी काय लिहिले ते बघायला. अमेरिकी नियतकालिकांत त्याच्या शोधावर अवाक्षर नव्हते, इतकेच नाही, तर अणुविभाजनावरचे लेखनच नाहीसे झालेले. या विषयातली एवढी मोठी माणसे एकाएकी गप्प बसली, त्या अर्थी ती अणुबॉम्बच्या मागे लागली आहेत, हे त्याने ताडले आणि एप्रिल १९४२मध्ये थेट स्टालिनला पत्र लिहिले. शेवट बॉम्बपाशी होतो एवढे सोडले, तर आमच्या पेशातल्या माणसाला ही गोष्ट फार आवडते.

आपल्याकडे युद्धाचा फटका बसला तो साध्या काचेच्या प्लेटांवरून. कोलकात्याचे देवेंद्रमोहन बोस आणि त्यांच्या सहकारी बिभा चौधुरी दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी फोटोग्राफीच्या प्लेटा ठेवून विश्वकिरणांतल्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांतल्या, कणांचे माग टिपत होते. त्या मागांवरून त्यांनी मेसोट्रॉन या तेव्हा नव्याने सापडलेल्या कणाचे वस्तुमान काढले, इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट. 'नेचर' या ब्रिटिश विज्ञान नियतकालिकात तो निबंध १९४१ साली आला. पुढच्या अचूक मोजमापासाठी 'फुल टोन' प्लेटा हव्या होत्या. त्या इंग्लंडहून यायच्या आणि युद्धामुळे मिळेनात. काम हाफ टोन प्लेटांवरच थांबले. युद्ध संपल्यावर ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या गटाने अधिक संवेदनक्षम प्लेटा वापरून १९४७मध्ये पाय-मेसॉन हा कण शोधला आणि १९५०चे नोबेल पॉवेल यांना मिळाले. बिभाताईंचे नोबेल युद्धाने हिरावले असे सरसकट म्हटले जाते. मी तेवढे म्हणणार नाही. प्लेटा मिळाल्या असत्या तर काय झाले असते, हे कोण सांगणार? पण त्यांना प्रयत्नच करता आला नाही, हे खरे. पुढे त्या मँचेस्टरला गेल्या आणि १९४९मध्ये आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या महिला संशोधक. महाराष्ट्रात किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

मलाही नव्हते. एकदा बाइंडिंग उसवलेला 'नेचर'चा १४८वा खंड दुरुस्तीला काढला, तेव्हा पाने चाळताना ते दिसले.

हे सारे जुने झाले असे म्हणावे, तर २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या प्रयोगांचे निबंध नियतकालिकांत येणे जवळजवळ वर्षभर अडले. भौतिकशास्त्रात काही चुकले नव्हते. लेखकांच्या यादीत रशियन संस्थांची नावे छापायची की नाही, यावर एकमत होईना. निबंध इंटरनेटवर कच्च्या रूपात वाचायला मिळत, पण रीतसर प्रसिद्धी नाही. त्यांतल्या सीएमएस प्रयोगात मुंबईच्या टाटा संस्थेचे आणि पुण्याच्या आयसरचेही लोक आहेत. खारकीवच्या भौतिकी संस्थेवर प्रत्यक्ष मारा झाला, तेव्हा युक्रेनी शास्त्रज्ञांचा संताप मला समजतो. तरी नोकरीच्या अर्जाला छापील निबंध जोडायला बसलेल्या इथल्या पोराने वर्षभर कशासाठी थांबायचे, हे काही मला उमगत नाही.

याच्या उलट एक चांगले उदाहरण सीरियाचे. अलेप्पोजवळच्या 'इकार्डा' या शेती संशोधन संस्थेत गहू, बार्ली, मसूर, हरभऱ्याच्या वाणांचा मोठा संग्रह होता. तिथल्या लोकांनी आधीच नॉर्वेच्या स्वालबार बीजकोठारात त्याच बियाण्याची दुसरी प्रत पाठवून ठेवली होती. यादवीत संस्था हातची गेली, पण २०१५मध्ये त्यांनी सुमारे ३८ हजार नमुने परत मागवले, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले आणि नवे बी पुन्हा स्वालबारला धाडले. दुसरी प्रत दुसरीकडे ठेवली होती, म्हणून.

आणि आपण काय करतो? माझ्या निवृत्तीनंतर आमच्या महाविद्यालयाने जुन्या बांधीव खंडांचे निर्लेखन केले. 'सगळे ऑनलाइन आहे' हे कारण आणि किलोवर रद्दी. ऑनलाइन म्हणजे परदेशातल्या कुणाच्या तरी सर्व्हरवर, दरवर्षी वर्गणी भरली तर. टपाल बंद पडते तसे तेही बंद पडू शकते. सर्वांनी सगळे खंड ठेवावेत, असे माझे म्हणणे नाही, जागेची अडचण मी जन्मभर सोसली आहे. पण राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने आपल्या विभागातल्या महाविद्यालयांची निर्लेखनाची यादी आधी मागवावी आणि निदान एक छापील संच राखून मगच बाकीचे विकू द्यावे. एका परिपत्रकाचे काम आहे.

जाता जाता, आपल्या वाचकांना एक विनंती. हिरव्या कापडी पाठीचा, बाइंडिंग नव्याने शिवलेला, 'नेचर', खंड १४८, १९४१, असा ग्रंथ जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर कुणाला दिसला, तर तो घेऊन ठेवावा. पैसे मी देईन.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे