बाबांना पत्र: आईच्या खोलीतील डब्यांविषयी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात घरी आले होते तेव्हा जे बोलायचे होते ते तोंडून निघाले नाही, म्हणून लिहिते आहे. आईचे शिलाई मशीन आणि बियाण्यांचे डबे मी काकूच्या सुनेला द्यायचे ठरवले आहे. ती रविवारी न्यायला येईल. तुम्हाला न विचारता मी तिला शब्द दिला, ही माझी चूक आहे. परंतु विचारले असते तर तुम्ही लगेच हो म्हणाला असता आणि मग रात्रभर त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिला असता, हे मला ठाऊक होते.

बाबा, मी डबे उघडून पाहिले तेव्हा वालाच्या बियांना सोंडे लागलेले होते. आई दर उन्हाळ्यात बी वाळवायची, चुलीच्या राखेत घोळायची आणि वर कडुनिंबाचा पाला घालायची. यंदा ते कोणी केले नाही, आणि त्यात माझाही दोष आहे. कांद्याचे बी तर वर्षभरातच कमजोर होते. अजून एक पावसाळा गेला तर त्या डब्यांत केवळ चिठ्ठ्या उरतील. त्या चिठ्ठ्या तुम्ही पाहिल्या आहेत का? कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने प्रत्येक बियाण्याचे माहेर लिहून ठेवले आहे : "काशीफळ, सासूबाईंच्या माहेरचे", "भेदरे, मोझरीहून, पुण्यतिथीला".

ते भेदऱ्याचे, म्हणजे टोमॅटोचे, बी आणले त्या वर्षी मी तिच्याबरोबर होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1968 मध्ये ज्या वेळी देह ठेवला, पुण्यतिथीला बरोबर त्याच वेळेला, म्हणजे दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी, मोझरीला त्यांच्या गुरुकुंज आश्रमात जमलेला अफाट समुदाय मौन श्रद्धांजलीसाठी जागच्या जागी स्तब्ध झाला, तेव्हा तिने माझे बोट इतके घट्ट धरले होते की मला श्वास घेण्याचीही भीती वाटली; आणि मौन सुटल्यावर डोळे पुसता पुसता तिने शेजारच्या अनोळखी बाईला पहिला प्रश्न विचारला तो तिच्या परसातल्या भाजीचा. खंजिरी, शिवण, बियाणे, रेडिओ, भुलाबाईची गाणी, एवढ्या सगळ्याला तिला वेळ कोठून मिळत असे, हे मला अजून कळलेले नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या अंगणात पोरींची गर्दी असायची. खिरापत ओळखताना मी नेहमी चुकायची, मग ती माझ्यापुरते डब्याचे झाकण बोटभर उचलून मला वास घेऊ द्यायची. तुम्ही खाटेवरून ते पाहत होता आणि कोणाला सांगत नव्हता.

तिची गाण्यांची वही, खंजिरी आणि रेडिओ यांना कोणी हात लावणार नाही. ती तुमच्या खाटेजवळच राहतील. तिने तुमच्या जुन्या धोतरांची शिवलेली गोधडीही मी उन्हात घालून पेटीत वरच ठेवली आहे. मशीन मात्र चालते राहावे असे मला मनापासून वाटते. काकूच्या सुनेला ब्लाऊज बेतायला आईनेच शिकवले, आणि तिचे घर चार पावलांवर असल्याने मशीनचा आवाज तुम्हाला ऐकू येईल.

आता थोडे माझे ऐका. नवतप्याचे कडक उन्हाचे नऊ दिवस लागले आहेत, सकाळी दहानंतर वावरात जायचे नाही. रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर घ्यायची, आठवण होईल तेव्हा नव्हे. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढायचा आणि पायात चप्पल असू द्यायची. रागावू नका, तिच्या जागी आता मलाच हे सांगावे लागते.

भेदऱ्याचे निम्मे बी मी चिंधीत बांधून, चिठ्ठीसह, तुमच्या कपाटाच्या खणात ठेवले आहे. मृगाचा पाऊस पडला की न्हाणीचे पाणी जाते तेथे, तिच्याच वाफ्यात, ते तुमच्या हाताने टाका. मी पोळ्याला येते आहे.

तुमची,
बेबी