उच्छ्वास मोकळा करायचाय, मदतीला हात हवेत

पेठेतल्या सर्व रहिवाशांना आणि कोथरूड-बाणेरपासून थेट परदेशापर्यंत पांगलेल्या आपल्या जुन्या शेजाऱ्यांना नमस्कार.

गल्लीच्या तोंडाशी दोन पुरुष उंचीचा चौकोनी दगडी खांब उभा आहे, ती कुणाची समाधी नाही. कुणी तिथे हळदकुंकू वाहतं, कुणी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधतं आणि रात्री साडेदहानंतर कुणीतरी (कोण, ते आम्हाला माहीत आहे) कचऱ्याची पिशवी ठेवून जातं. तो कात्रजच्या नळाचा उच्छ्वास आहे. जुनी माणसं त्याला उसासा म्हणतात.

१७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. मोट नाही, रहाट नाही. कात्रज उंचावर, शहर खाली, सगळा कारभार उतारावर. पण बंद नळात हवा कोंडली की पाणी अडतं. म्हणून वाटेत ठिकठिकाणी हे उच्छ्वास बांधले: हवेला वाट, गाळाला तळाशी जागा आणि तो उपसायला माणूस उतरेल एवढी पोकळी. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आता आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगायला वापरतो, पण या हौदांत हेच पाणी पडायचं. शहरातलं पाणी सगळ्यांना सारखं खुलं होतं असं मात्र नाही. म्हणून तर जोतीराव फुल्यांना १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावा लागला.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, घरातले नळ कोरडे पडले आणि पुणेकर घागरी घेऊन पुन्हा हौदांवर गेले. तेव्हा रांगेत उभी असलेली माणसं आपल्या गल्लीत अजून आहेत.

आज माथ्यावर पिंपळ आहे. त्याची मुळं सांध्यांत शिरून दगड सरकलेत. आत प्लास्टिक खच्चून भरलंय. मागे कधीतरी कुणी भल्या हेतूने सिमेंट थापलं. ओल आत कोंडली आणि दगडाचे पापुद्रे निघू लागले. त्यामुळे पहिली विनंती: कृपया सिमेंटची पोती देऊ नका. आणि ऑइलपेंटचे डबेही नकोत.

हवाय तो भिजवलेला चुना, चाळलेली वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे भुकटी. जुना वाडा उतरवताना निघालेल्या पक्क्या विटा किंवा घडीव दगड कुणाकडे पडून असतील तर कळवा, आम्ही हातगाडी घेऊन येऊ. चुन्यात काम केलेला गवंडी ठाऊक असेल तर त्याची गाठ घालून द्या. पैशांपेक्षा त्याचीच चणचण आहे. पिंपळ ओढून काढायचा नाही, मुळासकट दगड येतील. फांद्या छाटून मुळं हळूहळू मारावी लागतील, त्यात एक पावसाळा जाईल.

पैसेही लागतीलच. गवंड्याची मजुरी, परांची आणि राडारोडा उचलणारा टेम्पो हे मोठे खर्च. शंभर रुपयेही चालतील, पण पावती घेतल्याशिवाय कुणी हलू नये. दर रविवारी जमाखर्च मंडळाच्या फळ्यावर लागेल. चूक दिसली तर खुशाल बोला, तसंही आपण बोलतोच.

महापालिकेच्या हेरिटेज विभागाची लेखी परवानगी हातात येईपर्यंत एकही दगड हलवणार नाही. तोवर फक्त बाहेरचा कचरा, दोऱ्या, खिळे आणि तारा काढू. पोकळीत कुणीही उतरायचं नाही. बंद जागेत विषारी वायू असू शकतो, उत्साही तरुणांनी हे दोनदा वाचावं.

आजीआजोबांकडे या खांबाचा जुना फोटो, हौदाची आठवण किंवा ट्रंकेत मोडी लिपीतला कागद असेल तर तोही दाखवा. नक्कल करून मूळ लगेच परत देऊ.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता या. हातमोजे आणि घमेलं आपापलं आणावं. चहा मंडळातर्फे, अर्धा कप.

आपले,
पेठेतील रहिवासी आणि मंडळाचे कार्यकर्ते