आईच्या रिपोर्टबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

आई, तुझा रिपोर्ट मिळाला. चाळीत फोनवर हे बोलायचं म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जाणार, म्हणून लिहून पाठवते. दोघंही वाचा.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी आहेत. एचपीव्ही हा विषाणू पॉझिटिव्ह, पण त्याचे १६ आणि १८ हे प्रकार नाहीत. गर्भपिशवीच्या तोंडाच्या दहातल्या सात कॅन्सरच्या मुळाशी हेच दोन असतात, त्यामुळे ही बातमी चांगली आहे. दुसरं, पॅपमध्ये, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींच्या तपासणीत, 'एएससी-यूएस'. म्हणजे काही पेशी वेगळ्या दिसल्या, पण का ते काचपट्टीवरून सांगता आलं नाही. हा कॅन्सर नव्हे. पाळी गेल्यावर आतलं अस्तर पातळ, कोरडं होतं, तेव्हाही पेशी अशा दिसतात. मात्र सोबत एचपीव्ही आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू म्हणून चालायचं नाही. कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, करायची.

बाबा, हे तुमच्यासाठी. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि उतारवयात टेस्टमध्ये दिसतो. कधी लागला, कुणाकडून लागला, हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. तेव्हा तो प्रश्न घरात कुणी कुणाला विचारायचा नाही. तुम्हाला वेगळी टेस्ट लागत नाही. विषाणूवर गोळी नाही, उपचार होतात ते बिघडलेल्या पेशींवर.

आता कोल्पोस्कोपी. पंधरा-वीस मिनिटं लागतात, भूल नाही, उपाशी राहायचं नाही. पॅपसारखंच टेबलावर झोपवतात आणि बाहेर ठेवलेल्या दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघतात. आधी पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, म्हणजे आपलं व्हिनेगरच. थोडं चुरचुरेल. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा पडतो. मग आयोडीन: निरोगी पेशी गडद तपकिरी होतात, बिघडलेल्या पिवळट राहतात. याच व्हिनेगरवर टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत जवळपास दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, महिनाभर प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी तपासणी केली आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तुझ्या वयात एक अडचण येते. ज्या कडेवर पेशी बिघडतात ती आत सरकलेली असते, दुर्बिणीतून पूर्ण दिसत नाही. मग आतून थोडं खरवडून नमुना घेतात. तो घेणार का, हे डॉक्टरांना विचारायचंच. कोरडेपणा फार असेल तर आधी काही आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. संशय आला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, चिमटा बसल्यासारखं होतं. रक्त थांबवायला लेप लावतात, त्यामुळे दोन-चार दिवस कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट जातं. घाबरू नकोस. पण तासाला पॅड भिजला, ताप आला किंवा घाण वास आला तर लगेच फोन कर.

तुकड्याच्या रिपोर्टमध्ये 'सीआयएन १', म्हणजे पेशींमधला हलका बिघाड, आलं तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. २ किंवा ३, म्हणजे जास्त बिघाड, आलं तर तारेच्या कडीनं तेवढाच भाग काढतात, जागा बधिर करून. कुणी म्हणेल, 'एकदाची पिशवीच काढून टाका.' या रिपोर्टवर अजिबात नाही. आत कॅन्सर लपलेला असेल तर साध्या ऑपरेशननं पुढचा सगळा उपचार अवघड होतो. आधी तुकड्याचा रिपोर्ट, मग निर्णय.

आणि आई, पाळी गेल्यानंतर कधी थेंबभरही रक्त दिसलं असेल तर डॉक्टरांना सांग. त्याची तपासणी वेगळी असते, पॅप चांगली आली तरी करावी लागते.

शुक्रवारी सकाळी गिरगावात येते, तिथून टॅक्सीनं परळला जाऊ. आधीचे दोन दिवस आतून कुठलंही औषध किंवा क्रीम लावू नकोस, आतून धुऊ नकोस, संबंधही नकोत. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नकोस, पट्टी सोबत घे. जुने कागद आणि दोन पॅड पिशवीत काढून ठेव.

तुमची,
मनू