अव्या, त्या मुलीला परत फोन कर

नाशिक,
रविवार, रात्र

प्रिय अव्या,

परवा मी "चल, ठेवतो" म्हणून फोन ठेवला तो कामामुळे नाही. राग आला होता आणि रागात तुला काही लागेल असं बोलायचं नव्हतं. दोन रात्री तेच डोक्यात घोळतंय, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

तू म्हणालास, "मुलाखतीत सगळ्यांत सरस तीच होती, पण लग्न ठरलंय तिचं. दोन वर्षांत सहा महिन्यांच्या सुट्टीवर जाईल, मग मी प्रॉडक्शन लाइन कशी चालवू?" म्हणून दुसऱ्या नंबरच्या मुलाला घेतलंस. त्याचं लग्न ठरलंय का, हे तू विचारलं होतंस का? नसशीलच विचारलं. मी इतकी वर्षं इंटरव्ह्यू घेतोय, मीही कधी कुठल्या मुलाला विचारलेलं नाही.

आपल्या बॅचची ती मुलगी आठवते? शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आपल्या ग्रुपमध्ये होती. मशीनचं ड्रॉइंग जवळजवळ सगळं तिचंच. मुलींच्या हॉस्टेलचं गेट आठला बंद व्हायचं, त्यामुळे साडेसातला तिला वर्कशॉपमधून निघावं लागायचं. आपण दोघं रात्री बारा-एकपर्यंत लेथवर असायचो, सरांना दिसायचो आपणच. सबमिशनच्या दिवशी सरांनी नावं घेतली ती तुझं आणि माझं. आणि आपण घेऊ दिली. पुढे कॅम्पस इंटरव्ह्यूला तिला विचारलं, "लग्नाचं काय ठरवलंय?" आपल्याला विचारलं, "थर्ड शिफ्ट चालेल ना?" तेव्हा कारखाने कायद्याप्रमाणे बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला ठेवता येत नव्हतं. म्हणजे जी रात्रपाळी केली की माणूस शॉप फ्लोअर शिकतो आणि वर चढतो, त्या पाळीचं दारच तिला बंद होतं. आपण हुशार होतो, मेहनतही केली, ते मी नाकारत नाही. पण आपल्यासाठी उघडी असलेली दारं आपण मोजली नाहीत, अव्या. तू परवा विचारलेला प्रश्न तोच आहे. या वेळी टेबलाच्या पलीकडे तू होतास, एवढंच.

मला हे उशिरा कळलं, आणि कळलं तेही घरात. गेल्या पावसाळ्यात धाकटीला डेंग्यू झाला. मी चार दिवस रजा टाकली, तुझ्या वहिनीनेही टाकली. मी कामावर परतलो तर मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाप असावा तर असा." मला बरं वाटलं. संध्याकाळी मी ते कौतुकाने घरी सांगितलं. ती काही बोलली नाही, ताटं उचलून ओट्याकडे गेली. रात्री उशिरा सांगितलं तिने, की तिच्या ऑफिसात तिला ऐकवलं होतं, "मॅडम, घरचं घरी सांभाळत जा." मार्चमध्ये तिच्या अप्रेझलवर 'कमिटमेंट कमी पडते' असा शेरा आला. पोर तेच, ताप तोच, रजाही तेवढीच. मला शाबासकी आणि तिला शेरा. त्या शाबासकीचा मला अजून त्रास होतो, कारण तिचा अर्थ एवढाच की हे काम माझं नव्हतंच, मी उपकार म्हणून केलं.

केंद्र सरकारने २०२४ साली लोक दिवसाचा वेळ कुठे घालवतात याची पाहणी केली होती. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची सरासरी दिवसाला २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ८८. आणि ही ८८ मिनिटं, जे पुरुष घरात काहीतरी करतात त्यांची. न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. तो आकडा वाचला तेव्हा मी आठवडाभर स्वतःची मिनिटं मोजली. ८८ भरली नाहीत.

आता तुझी अडचण. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०१७ साली प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, ते योग्यच झालं. पण त्या २६ आठवड्यांचा पगार मालकाच्या खिशातून जातो. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असलेल्या बाईचा भार महामंडळ उचलतं, पण त्याची पगाराची मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे इंजिनिअर मुलगी बाहेरच. आणि बापाला? केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस, खाजगीत कायद्याने काहीच नाही. मूल झालं की रजेवर जाणार ती बाईच, हे कायद्यानेच गृहीत धरलंय. मग तुझ्यासारखा माणूस मुलीचं नाव वाचताच हिशोब मांडतो. माझं म्हणणं, बापालाही सक्तीची, भरपगारी रजा हवी आणि मातृत्वाचा खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून निघायला हवा. तोवर त्या रजेची किंमत त्या मुलीनेच का मोजायची? भरतीत बाई म्हणून डावलू नये हे तर १९७६ च्या समान वेतन कायद्यातच आलं होतं, अव्या.

आणखी एक आहे, जे मी अजून कुणाला बोललो नाही. तुझ्या वहिनीला बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा मिळाली ना, त्यानंतर दीड वर्षाने आमच्या स्वयंपाकाच्या ताईंना दिवस गेले. आठव्या महिन्यापर्यंत त्या पोळ्या लाटत होत्या. मग आम्ही दुसऱ्या बाई शोधल्या, ताईंच्या हातावर एका महिन्याचा पगार ठेवला आणि आपण केवढं केलं असं आम्हाला वाटलं. ते २६ आठवडे ताईंपर्यंत पोचतच नाहीत, आणि ते पोचवायचं आमच्या मनातही आलं नाही. माझ्या बायकोवर अन्याय झाला म्हणून मी इतका चिडतो, आणि त्याच ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या बाबतीत मालक मीच होतो. आता त्या परत येतात. भरपगारी रजा, आजारपण, दिवाळी, सगळं त्यांच्याशी बसून ठरवलंय आणि कागदावर लिहून दोघांकडे एकेक प्रत ठेवलीय. गेलेले ते महिने मात्र भरून येत नाहीत.

म्हणून तुला हे सांगायचा मला फार अधिकार आहे असं नाही. पण मित्र म्हणून सांगतो. त्या मुलाचं ऑफर लेटर अजून निघालं नसेल, तर थांबव. त्या मुलीला परत फोन कर. लग्नाबद्दल विचारलं ते चुकलं, असं स्पष्ट सांग. ती दुसरीकडे रुजू झाली असेल तर निदान पुढच्या मुलाखतीपासून तो प्रश्न तुझ्या टेबलावर येऊ देऊ नकोस, एचआरच्या माणसालाही विचारू देऊ नकोस.

तुला राग आला तर येऊ दे. पुढच्या शनिवारी मी पुण्यात आहे, तोंडावर भांड. पण त्याआधी फोन केलास का तेवढं कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
जुना रूम पार्टनर