आधी कीर्द, मग खतावणी

ती. आई-बाबा,

नमस्कार.

रविवारी फोनवर आईने विचारलं, "महिनाभर एवढं कसलं काम होतं गं?" मी "एक बग होता" म्हणून मोकळी झाले. मागून बाबांचा आवाज आला, "सापडला का? केवढा होता?" मी म्हटलं, दुरुस्ती दोन ओळींची. त्यावर तुम्ही दोघंही गप्प. तेवीस दिवस आणि दोन ओळी, हा ताळेबंद बाबांच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं. फोनवर समजावायला गेले की मी घाईने आमच्या धंद्यातले शब्द फेकते आणि तुम्ही समजल्यासारखं दाखवता. म्हणून हे पत्र.

बाबा, खरं तर आमचा डेटाबेस सर्व्हर तुमचंच काम करतो. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, खतावणी मागाहून, हे तुम्ही आयुष्यभर केलंत. इथेही कोणी पैसे पाठवले किंवा तिकीट काढलं, की तो बदल आधी एका लॉगमध्ये ओळीने उतरतो. तो डिस्कवर पोचल्याशिवाय समोरच्याला "झालं" म्हणायचं नाही. खरी पानं, म्हणजे तुमची खतावणी, नंतर सवडीने बदलतात. मध्येच वीज गेली तरी सर्व्हर उठतो, कीर्द वाचतो आणि खतावणी जुळवून घेतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या नाहीतर मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमधलं इनोडीबी, नावं वेगळी, पण रीत हीच. सगळा डोलारा या क्रमावर उभा आहे.

आमचा बगही क्रमाचाच निघाला, फक्त कीर्दीपर्यंत पोचण्याच्या आधीचा, मेमरीतला.

व्हायचं असं की नव्या एआरएम प्रोसेसरच्या मशीनवर, भरपूर ताण असताना, दीड-दोन दिवसांतून एकदा सर्व्हर कोसळायचा. कोसळताना तो आपल्या मेमरीची जशीच्या तशी नक्कल मागे ठेवतो, तिला कोअर डंप म्हणतात. तो डीबगरमध्ये, म्हणजे बग शोधायच्या साधनात उघडला, तर प्रेत एकीकडे आणि खून दुसरीकडे. ज्या फंक्शनमध्ये सर्व्हर मेला ते बिचारं निर्दोष होतं. त्याच्या हातात कुणीतरी अर्धवट भरलेली नोंद दिली होती. सर्व्हरमध्ये एकाच वेळी अनेक कामं चालतात, त्यातल्या एकेका कामकऱ्याला थ्रेड म्हणतात. देणारा थ्रेड केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला.

पहिला संशय डिस्कवर गेला. पण प्रत्येक पानावर चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा असतो आणि तो नीट जुळत होता, म्हणून डिस्क सुटली. मग वाटलं, सोडून दिलेली मेमरी कुणीतरी पुन्हा वापरतंय. त्यासाठी ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या अशा चुका पकडणारं साधन, लावून सर्व्हर नव्याने तयार केला आणि तीन दिवस चालवला. तक्रार एक नाही, आणि कोसळणंही बंद! साधा चालवला की पुन्हा सुरू. कोडमध्ये एक छापायची ओळ घातली, बंद. ओळ काढली, सुरू.

आई, अशा बगला हायझेनबग म्हणतात. डेटाबेसच्या क्षेत्रातले मोठे जाणकार जिम ग्रे यांनी संगणक बंद का पडतात यावर १९८५ साली एक अहवाल लिहिला, त्यातही हा शब्द आहे. पाहायला गेलं की पळतो, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या नावावरून हायझेनबग. तू लगेच म्हणशील की हे अनिश्चिततेचं तत्त्व नव्हे, मोजण्यामुळे मोजलं जाणारं बदलतं ही वेगळी गोष्ट, मुलं दरवर्षी तिथेच चुकायची. मान्य. पण नाव पडलं ते पडलं.

आमच्याकडे एक हुकमी हत्यार असतं, गिट बायसेक्ट. कोडमध्ये हजार बदल झाले असतील तर मधला घेऊन तपासायचा, अर्धे बाद करायचे, उरलेल्यांचे पुन्हा अर्धे. दहा पायऱ्यांत दोषी बदल हाती येतो. पण दीड-दोन दिवसांतून एकदा येणाऱ्या बगसाठी एकेका पायरीला किती थांबायचं? चार दिवस आला नाही म्हणजे तो नाहीच, असं थोडंच आहे! तेव्हा आधी तो वारंवार यायला हवा. आठवडाभर मी सर्व्हर दुरुस्त करत नव्हते, मन लावून आणखी बिघडवत होते. बफर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागा, इवलेसे केले, थ्रेड प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरवर, म्हणजे स्वतंत्र भागांवर, बांधून ठेवले, त्याच त्या नोंदीवर सगळ्यांनी तुटून पडावं असा भार लिहिला. पंधराव्या दिवशी सर्व्हर सहा मिनिटांत कोसळला. पुन्हा चालवला, पुन्हा सहा-सात मिनिटं. त्या रात्री तुम्हाला फोन करून मी उगाच हसत होते ना, त्याचं कारण हे. काही विचारू नका म्हटलं होतं.

आता बायसेक्ट एका दुपारीच आटोपला आणि एका बदलावर बोट ठेवून थांबला. तो बदल पाच वेळा वाचला. त्यात चूकच नव्हती! त्याने एक काम थोडं वेगवान केलं होतं, एवढंच. जुनी चूक त्यामुळे उघडी पडायला लागली. बायसेक्टने गुन्हेगार म्हणून साक्षीदाराला धरून आणलं होतं.

मूळ कोड दिसायला अगदी सरळ आहे. लिहिणारा थ्रेड आधी नोंद भरतो, मग "तयार" असा झेंडा वर करतो. वाचणारा झेंडा वर दिसला की नोंद वाचतो. आम्ही तिघांनी ते वाचलं आणि तिघांनीही मान डोलावली. वाचताना बरोबरच आहे ते. पण प्रोसेसर कोड आपल्यासारखा वरून खाली वाचायला बांधलेला नाही. जुन्या एक्स८६ मशीनवर एका कोअरने ज्या क्रमाने लिहिलं, त्याच क्रमाने ते इतर कोअरना दिसतं. एआरएम असा शब्द देत नाही. वेगळं बजावलं नाही तर झेंडा आधी दिसू शकतो आणि नोंद मागाहून. बाबा, रकमेसमोर तपासल्याची टिक आधी उमटावी आणि रक्कम नंतर, आणि नेमक्या त्या मधल्या क्षणी कोणी वही उघडावी, असं ते. इतकी वर्षं हा कोड चालला तो आमच्या हुशारीवर नाही, जुन्या प्रोसेसरच्या भलेपणावर.

दुरुस्ती म्हणजे लिहिणाऱ्याला सांगायचं की झेंड्याआधीचं सगळं लिखाण झेंड्याआधीच दिसलं पाहिजे. पण एकट्याला बजावून भागत नाही. वाचणाराही झेंडा पाहायच्या आधीच पुढची नोंद उचलून बसू शकतो, म्हणून त्यालाही थांबवायचं. त्या दोन ओळी. त्यांच्या वर मी चौदा ओळींची टीप लिहिली, कारण दोन वर्षांनी कुणीतरी "हे कशाला" म्हणून त्या काढेल याची मला खात्री आहे. बहुधा मीच.

एक गोष्ट ऑफिसात कुणाला सांगितली नाही, तुम्हाला सांगते. थ्रेडच्या आपसातल्या चुका पकडणारं वेगळं साधन असतं, थ्रेड सॅनिटायझर. आमच्या सर्व्हरवर ते इतकी आरडाओरड करतं की आम्ही त्याचं ऐकणंच सोडलं होतं. बग सापडल्यावर त्याचा जुना अहवाल उघडला. चारशेव्या ओळीच्या आसपास आमची नोंद, आमचा झेंडा, दोन्ही नावानिशी हजर.

शेवटचे चार दिवस त्या बिघडवून ठेवलेल्या सर्व्हरवर नवा कोड अखंड चालवण्यात गेले, आणि हीच मांडणी कोडमध्ये आणखी कुठे आहे ते शोधण्यात. एके ठिकाणी सापडली. तिथे अजून कुणी मेलं नव्हतं.

बाबा, आता तुमच्याबद्दल. त्या चार रात्रींत माझ्यासोबत जागणाऱ्या नव्या मुलाला मी २०१८ सालचं पोस्टग्रेसचं प्रकरण सांगत होते. प्रोग्रॅमने लिहिलेलं लगेच डिस्कवर जात नाही, मशीन चालवणारी लिनक्स ही प्रणाली ते आपल्याकडे धरून ठेवते. म्हणून सर्व्हर एफसिंक नावाची हाक मारून खात्री करतो, "पोचलं ना सगळं?" लिहिताना डिस्क अडखळली तर लिनक्स सांगायचं, "नाही पोचलं." पण एकदाच. पुन्हा विचारलं की "सगळं ठीक", कारण मधल्या काळात त्या पानावरची "लिहायचं राहिलंय" ही खूणच पुसलेली असायची. पोस्टग्रेस वर्षानुवर्षं समजून होतं की पुन्हा विचारलं आणि हो आलं म्हणजे काम झालं. चूक लक्षात आल्यावर, २०१९ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांपासून, ते पहिल्याच नकाराला स्वतःहून बंद पडतं आणि कीर्दीवरून सगळं नव्याने उभं करतं. दुसऱ्यांदा विचारतच नाही.

हे सांगता सांगता मी मध्येच थांबले. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही म्हणाला होतात, "जिना चढताना छातीत जरा जड वाटलं." त्यानंतर मी तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा "काही नाही, ठीक आहे" आलं. मी ते धरून चालले. माझा धंदा हा असूनही.

आता चौथ्यांदा विचारत नाही. आई, तू रोजच्या वहीत लिहिलं असशीलच, कुठल्या दिवशी, किती वेळ, नंतर पुन्हा झालं का. त्या पानांचा फोटो काढून मला पाठव. आणि या आठवड्यात बाबांना डॉक्टरांकडे ने. ईसीजीच्या कागदाचाही फोटो हवा, "नॉर्मल आला" एवढा निरोप नको.

तुमची,
लेक