मावशी, त्या सोमवारचा खाडा धरू नका

सा. न. वि. वि.

मावशी, तुम्हाला पत्र लिहायचं म्हटलं तर पहिली अडचण पत्त्याची. विरारला तुम्ही नक्की कुठे राहता, हे आमच्या गल्लीत कुणालाच सांगता येत नाही. तुम्हाला मात्र गल्लीतलं प्रत्येक दार पाठ, दारामागचा देव पाठ, आणि त्या देवाला काय लागतं तेही पाठ. म्हणून हे चारचौघांत, उघड लिहिते आहे. तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेलच. शिवाय तुमच्याकडून फुलपुडी घेणाऱ्या आणि आता बंद केलेल्या गिरगावकरांच्याही नजरेखालून हे जावं, असा माझा स्वार्थ आहे. तो का, ते पुढे येईल.

तुम्हाला माहीत असलेलंच थोडं सांगते, कारण वाचणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक नसेल. माझी आई ठाकूरद्वारच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. चाळ सेसची, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी इमारत, आता पुनर्विकासाला निघालेली. निम्म्या बिऱ्हाडांनी विकासकाकडून भाडं घेऊन जागा सोडली. कुणी डोंबिवलीला, कुणी बोरिवलीला, कुणी थेट तुमच्या विरारला. (‘मी विरारहून इकडं यायचं आणि तुमचे शेजारी इकडून विरारला जायचे, मग फुलं तिकडंच विकते की,’ असं तुम्ही आईला म्हणाला होतात. ती अजून सगळ्यांना सांगते.) उरलेल्यांचे करार व्हायचे आहेत. त्यामुळे गॅलरीत एक दार उघडं, तर पुढच्या दोनांना कुलूप. पूर्वी आईच्या कुकरची एखादी शिट्टी जास्त झाली तरी शेजारच्या काकू डोकावून जायच्या. त्या काकू आता बोरिवलीत आहेत.

गेल्या श्रावणात एका रविवारी रात्री आई मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. फोन बाहेर टेबलावर, एका बाजूची खोली रिकामी, दुसऱ्या बाजूचे गावाला गेलेले. बाहेर पाऊस असा की तिची हाक तिलाच ऐकू येईना. रात्रभर ती तशीच पडून होती.

झोपण्याआधी दाराच्या कडीला बाहेरून कापडी पिशवी अडकवायची, हा आईचा वर्षानुवर्षांचा नेम. पहाटे तुम्ही तीत पुडी टाकता आणि पुढे जाता. बहुतेक दिवस तुमची गाठही पडत नाही. त्या सोमवारी कडीला पिशवी नव्हती आणि दारावरच्या झडपेतून ट्यूबलाइटचा उजेड दिसत होता. एवढंच. दुसरं कुणी असतं तर पुडी कडीत खोचून पुढच्या दाराकडे वळलं असतं, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नसतं. तुम्ही पाटी खाली ठेवलीत आणि ‘काकू, ओ काकू’ करत दार ठोठावत राहिलात. आईला तुमची हाक ऐकू येत होती, तिचा आवाज मात्र बाहेर पोचत नव्हता. मग तिने हाताशी आलेला तांब्या फरशीवर आपटला.

पुढचं मला पेपर टाकणाऱ्या मुलाकडून कळलं. तुम्ही त्याला जिन्यातूनच ओढून आणलंत. खिडकीच्या गजांतून हात घातला तरी आतल्या कडीपर्यंत पोचेना, तेव्हा तुम्ही तुमच्या छत्रीची मूठ पुढे केलीत आणि तिनेच कडी सरकली. आत गेल्यावर तो आईला उचलायला धावला, तर तुम्ही त्याच्यावर खेकसलात: ‘हात लावू नको, हाड मोडलं असंल.’ आईच्या अंगावर गोधडी टाकलीत, त्याला १०८ ला फोन करायला लावलात, आणि कॅलेंडरच्या पाठीमागे आईने ठळक अक्षरांत लिहून ठेवलेल्या नंबरावरून मला. डॉक्टर नंतर म्हणाले की न हलवता तसंच ठेवलं हे फार बरं झालं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून इथे लिहिते.

मी कांदिवलीहून पोचले तेव्हा तुम्ही रुग्णालयाच्या बाकावर आईची पर्स मांडीवर घट्ट धरून बसला होतात. पाटी आत आणायला मनाई, म्हणून ती फाटकाशी ठेवलेली. मला बघितल्यावर पर्स हातात दिलीत, ‘पैशे मोजून घ्या’ म्हणालात, आणि निघालात. मी नीट ‘थँक्यू’सुद्धा म्हणाले नाही, तुम्ही वेळच दिला नाहीत.

तो श्रावणी सोमवार होता. फुलांचा धंदा ज्याला कळतो त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला नको. विरारहून पहाटेची लोकल पकडायची, दादरला उतरून फूल मंडईत माल घ्यायचा, परत गाडी धरून चर्नी रोडला यायचं, केळेवाडीच्या तोंडाशी बसून पानांत पुड्या बांधायच्या आणि उजाडायच्या आत जिने चढायला लागायचं. त्यातही एकसारखी पुडी कधीच नाही. सोमवारी बेल, मंगळवारी जास्वंद आणि दूर्वा, गुरुवारी दत्तासाठी पिवळी शेवंती, शनिवारी मारुतीला रुईची माळ. खोताच्या वाडीतल्या क्रुसासाठी झेंडूचा हारही तुमच्याच पाटीतून जातो. वर्षातले चार-पाच सोमवार असे की बेलाची एकेक डहाळी आधीच ठरलेली असते. तो सगळा बेल त्या दिवशी रुग्णालयाच्या फाटकाशी सुकला.

महिन्याच्या शेवटी तुम्ही हिशेबाला आलात तेव्हा आई खाटेवर होती, कॅलेंडर माझ्या हातात. तुम्ही न आलेल्या दिवसांवर आई ‘खा’ लिहिते. त्या सोमवारी तिने लिहिलं नव्हतं, लिहू दिलंही नसतं. मी पूर्ण महिन्याचे पैसे पुढे केले, तर तुम्ही त्यातले एका पुडीचे परत ठेवलेत. ‘पुडी दिलीच नाय त्या दिवशी, मग पैशे कशाचे?’ आईने आवाज चढवला, तुम्ही तिच्याहून चढवलात. पंधरा रुपयांवरून एवढं जोरदार भांडण मी त्या खोलीत ऐकलं नव्हतं. शेवटी ते पैसे आईने देवापुढे ठेवले. अजून तिथेच आहेत, ती म्हणते ते मावशींचे.

आणि मग कळलं की त्या दिवशी बेल मिळाला नाही म्हणून दोन घरांनी तुमची पुडी बंद केली. तुम्ही आम्हाला हे सांगितलं नाहीत, त्या घरांनाही कारण सांगितलं नाहीत. मी सांगते. बेल आला नाही, कारण मावशी माझ्या आईपाशी बसल्या होत्या. त्या घरांची नावं मला ठाऊक नाहीत आणि विचारायचीही नाहीत. त्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठीच पत्र उघडं ठेवलं.

गिरगावात बदल काही आज सुरू झालेला नाही. जगन्नाथ शंकरशेठ मार्ग मेट्रोच्या कामासाठी कित्येक वर्षं पत्र्यांआड होता. त्या पत्र्यांच्या आणि दुकानांच्या मधल्या हातभर वाटेतून तुम्ही पाटी डोक्यावर घेऊन ये-जा केलीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि गिरगावला जमिनीखाली स्टेशन आलं. ज्या नाना शंकरशेठांनी या शहरात पहिली आगगाडी यावी म्हणून खटपट केली, त्यांच्याच नावाच्या रस्त्याखालून गाडी धावते, याचं मला खरंच अप्रूप आहे. आई वॉकर घेऊन बाहेर पडायला लागली की तिला त्यात बसवून नेणार आहे. मेट्रोबद्दल माझी तक्रार नाही. चाळी पाडण्याबद्दलही नाही. ज्यांनी सार्वजनिक संडासाच्या रांगेत आयुष्य काढलं नाही त्यांनीच चाळीचे गोडवे गावेत. किमान ३०० चौरस फुटांचं, आत संडास-बाथरूम असलेलं घर आईला मिळणार आहे आणि ते तिच्या हक्काचं आहे.

तक्रार आहे ती टॉवरच्या फाटकाची. शेजारच्या गल्लीत नवी इमारत झाली, तुमची जुनीच गिऱ्हाइकं परत राहायला आली, पण तुम्हाला वर सोडत नाहीत. खाली लॉबीत एक ट्रे ठेवलाय, त्यात फ्लॅटचे नंबर घातलेल्या पुड्या ठेवून जायचं. तुम्ही पेपर टाकणाऱ्या मुलाकडून नंबर लिहून घेता, कारण तुमचा हिशेब आजवर दारांचा होता, नंबरांचा नव्हता. फुलं काय, ट्रेमधूनही देवापर्यंत पोचतात. पण ट्रेमध्ये पुडी तशीच राहिली तर ती कुणाच्या लक्षात येणार? वॉचमनची पाळी बदलते. सफाईवाला संध्याकाळी ट्रे रिकामा करतो. कॅमेऱ्यात लॉबी दिसते, बंद दाराआड कुणी पडलंय का ते दिसत नाही. रोज ठरल्या वेळी दाराशी येणारं माणूस नको असं एकदा ठरवलं की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी कॉलबेल, बटण, घड्याळ असलं काहीबाही विकत घ्यावं लागतं. घ्यावं, मीही आईसाठी घेतलंय. ती ते खुंटीला अडकवून ठेवते.

मी त्या सोसायटीच्या कमिटीला अर्ज दिलाय की मावशींना सकाळी तासभर वर जाऊ द्या, हवं तर पोलीस पडताळणी करून पास द्या. कमिटीतल्या एकांनी विचारलं, ‘तुम्ही इथे राहता का?’ मी राहत नाही. पण तिथे तुमच्याकडून पुडी घेणारी निदान डझनभर घरं आहेत, त्यांनी नुसत्या सह्या केल्या तरी काम होईल. हे वाचणाऱ्यांत त्यांतलं कुणी असेल तर अर्जाची प्रत ठाकूरद्वारच्या नाक्यावरच्या पेपरवाल्याकडे ठेवली आहे.

आमच्या चाळीचं तर आईने आत्ताच बघून ठेवलंय. विकासकाचा माणूस नकाशा घेऊन आला तेव्हा बाकीचे पार्किंग आणि कॉर्पस फंड विचारत होते. आईने विचारलं, ‘दाराला बाहेरून कडी असणार का?’ तो व्हिडिओ डोअरफोनबद्दल सांगायला लागला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ते असू दे. पिशवी कशाला अडकवू?’ त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं खरं.

मावशी, आभार मानले की तुम्ही तोंड फिरवता हे मला माहीत आहे, म्हणून लांबून मानते. आईचा पाय बरा आहे. स्वयंपाकाला उभी राहते, डॉक्टरांनी नको सांगितलेलं सगळं करते. येत्या महिन्यात घर बदललं तरी ती गिरगाव सोडणार नाही. फणसवाडीत तात्पुरती खोली बघितली आहे, पहिला मजला, तुम्हाला एक जिना कमी. पत्ता ती स्वतःच सांगेल.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी

ता. क. आईने हे पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि एक ओळ घालायला लावली: उपकार वेगळे आणि हिशेब वेगळा, गेले दोन मंगळवार पुडीत दूर्वा कमी होत्या.